येळवशीला भाऊ नैवेद्य का खात नाही?

प्रश्न : आम्ही बसवकल्याण तालुक्यातले, घरात मराठी बोलणारे. धाकट्या भावाने दोन-तीन वर्षांखाली बाप्तिस्मा घेतला. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, तो शेतात येतो, कडब्याची कोप बांधू लागतो; पण पांडवांच्या पूजेला थांबत नाही आणि नैवेद्याची भज्जी-आंबील खात नाही. आईला ते फार लागतं. येशूने आई-बापाला सोडायला सांगितलंय, असं गावात म्हणतात. बायबलमध्ये खरंच तसं आहे का? आणि वडिलांच्या जमिनीत भावाचा हक्क राहतो का? — एक वाचक

उत्तर : गावात म्हणतात त्याला बायबलमध्ये आधार आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. लूकच्या शुभवर्तमानात, १४व्या अध्यायात, आई-बाप, बायको-मुलं आणि स्वतःचा जीवसुद्धा आपल्यापुढे दुय्यम मानायला येशू शिष्यांना सांगतो, आणि ते फार कठोर शब्दांत सांगतो. मत्तयच्या १०व्या अध्यायात तर आपल्यामुळे घराघरांत फूट पडेल, हेही तो आधीच बजावून ठेवतो.

पण तोच येशू मार्कच्या ७व्या अध्यायात काही धर्मनिष्ठांवर कडाडतो. आई-बापाला जे द्यायचं ते देवाला वाहिलंय, असं सांगून ही मंडळी म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडत होती. क्रुसावर प्राण जाताना त्याने आईला एका शिष्याच्या हवाली केलं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर, जो घरच्यांना सांभाळत नाही त्याने विश्वास सोडल्यातच जमा, असं स्पष्ट म्हटलंय. हे सगळं एकत्र वाचलं की माझ्या मते एकच अर्थ निघतो. ‘तो देव सोड, नाहीतर घर सोड’ अशी वेळ कुणी आणली, तर कुणाची बाजू घ्यायची, त्याचं ते उत्तर आहे. आईची औषधं आणायची नाहीत, तिच्याशी बोलायचं नाही, असं त्यात कुठेही नाही. तुमच्या भावाला कुणी तसं शिकवत असेल तर ते चूक आहे, आणि हे त्याला त्याच्याच बायबलमधून दाखवता येईल.

आता भज्जीचं. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं की नाही, हा वाद करिंथ गावातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळींतही पेटला होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे ८ ते १० हे अध्याय बरेचसे त्यावरच आहेत. पौलाचं म्हणणं थोडक्यात असं : बाजारातलं अन्न खुशाल खा, कुणी जेवायला बोलावलं तरी जा आणि वाढलेलं खा, पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. म्हणजे भाऊ आईच्या हातच्या चवीला नावं ठेवत नाही. तो पूजेतून अंग काढून घेतोय आणि तुमच्यातून नाही, हे आईला समजावून सांगा. नैवेद्याआधी त्याला वाढणं तुम्हाला पटणार नाही. मग त्याने घरून डबा आणावा, आणि बसावं मात्र त्याच कोपीत, त्याच पंगतीत.

श्रद्धा बदलली म्हणून घरचं सगळं वळण सुटत नाही, यासाठी पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथे महत्त्वाचं वाटतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. ज्या ख्रिस्ती जोगिणींकडे त्या राहत होत्या त्यांना हा हट्ट वाटे. रमाबाई बधल्या नाहीत.

घर तुटतं तेव्हा ते कोण तोडतं, हेही पाहायला हवं. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, टाकलं नव्हतं. जातीबाहेर गेलेल्या माणसाशी अन्नपाण्याचा व्यवहार ठेवायचा नाही, हा दंडक तेव्हाच्या समाजाचा होता. लक्ष्मीबाई पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या, लहानग्या मुलासह, दत्तूसह. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या त्याही हिंदू म्हणूनच, आणि सोवळं, पाणी वेगळं ठेवूनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातपात माणसांनी केली आहे, हे लक्ष्मीबाईंना आधी पटलं. शिवाशीव गळून पडली आणि मगच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ घरात नसेल तर आणा आणि आईला वाचून दाखवा. नवऱ्याचा देव बदलल्यावर बाईच्या मनाचं काय होतं, ते मराठीत इतकं खरं दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला ठाऊक नाही.

तुमच्या बिदर-कलबुर्गीकडच्या जुन्या मेथडिस्ट घरांना मात्र या ताटातुटीची झळ फारशी बसली नाही. निजामाच्या राजवटीत तिथल्या दलित वस्त्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं एकत्र ख्रिस्ती झाली. नवा धर्म भावकी आणि सोयरिकीच्या वाटेनेच आला. अशा सामुदायिक धर्मांतरांवर जे. वास्कम पिकेट या मेथडिस्ट मिशनऱ्याचं १९३३ सालचं पुस्तक आहे. आपल्या माणसांसह आलेला माणूस समाजातून उपटला जात नाही, हे त्याचं निरीक्षण मला पटतं. तुमचा भाऊ एकटाच गेला. त्याची सोबत सुटली, ही गोष्ट तुम्ही लक्षात घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि तुमचा मुलूख म्हणजे बसवण्णांचं कल्याण आहे. मुंज नाकारून घर सोडलेल्या बसवण्णांना, चांभार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस यांच्या सोयरिकीला तुम्ही लहानपणापासून मान देत आला आहात. श्रद्धेपायी कुळाचा रिवाज मोडणारा माणूस तुमच्या मातीला नवा नाही.

जमिनीचं उत्तर सरळ आहे. धर्म बदलला म्हणून भावाचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. अडचण त्याच्या मुलांची आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६प्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं वारसा खुला होतेवेळी हिंदू नसतील, तर त्यांना हिंदू नातलगांचा वारसा मिळत नाही. भाऊ वडिलांच्या आधी गेला तर अशी मुलं आजोबांच्या जमिनीला मुकतील. धर्मांतराआधी जन्मलेल्यांना ही अट नाही. यावर उपाय वडिलांच्या हातात आहे. आपल्या वाट्याची जमीन मृत्युपत्राने कुठल्याही नातवाला देता येते, त्याचा धर्म कोणताही असो. पहाणी (जमिनीचा उतारा) काढा, भावाला बरोबर घ्या आणि वडिलांची तब्येत धड आहे तोवरच वकिलाकडे जाऊन या.