शेवट आधी लिहू नकोस

चि. पिंटू,


तू पाठवलेले वहीचे फोटो मी मोठे करकरून वाचले. कोकणातलं ते बंदर, रात्री उतरणारं चोरटं सोनं, कस्टमच्या गोदामाचा रखवालदार, मचव्यावरचा म्हातारा तांडेल, त्याच्यावर डूख धरून बसलेला सावकार. माणसं झकास उभी राहिली आहेत, एकालाही हात लावू नकोस. पण तांडेलच फितूर निघतो, मग गोदाम जळतं, शेवटी सावकार समुद्रात बुडतो, हे जे तू आधीच ठरवून ठेवलं आहेस ते सगळं काढून टाक. मित्रांना तू खेळायला बोलावलं आहेस, गोष्ट ऐकायला नाही. त्यांनी काहीही केलं तरी गोदाम जळणारच असेल, तर त्यांनी फासे टाकायचेच कशाला?

प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि एकाने खेळ चालवायचा, असा हा रोल-प्लेइंग खेळ युद्धखेळांच्या पोटी जन्मला. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा नियमांचा बराचसा भर लढाईवर होता. गोष्ट घडायची, पण ती खेळणाऱ्यांच्या हौसेने. पुढे काही लोकांना वाटलं की गोष्ट पुढे सरकवण्याचं काम नियमांनीच का करू नये? त्यातून आलेला, २०१० मधला व्हिन्सेंट बेकर यांचा ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ तू आधी नीट वाच, मग बाकीचे. खेळ चालवणाऱ्याने कथानक आधी रचू नये, असं त्यात नियम म्हणूनच सांगितलं आहे. चालवणारा तिथे फासे टाकतच नाही, फासे फक्त खेळाडूंचे.

फाशांचं गणित साधं आहे. ल्यूडोतले दोन फासे, त्यात पात्राच्या गुणाचा आकडा मिळवायचा. बेरीज १० किंवा जास्त आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, ६ किंवा कमी आली तर पुढचा घाव तुझा. गुण शून्य असेल तर ३६ पैकी फक्त ६ वेळा निखळ यश मिळतं आणि १५ वेळा ते अर्धवट यश. गुण +२ असला तरी ते १५ तसेच राहतात. वाढतं ते निखळ यश आणि घटतं ते अपयश. म्हणजे पात्र तयारीचं असलं तरी तुझी खरी परीक्षा या ७ ते ९ मध्येच आहे.

समज, एक मुलगी गोदामाचं कुलूप काढते आहे, पलीकडून रखवालदाराच्या चपला वाजताहेत. फासे पडले ५ आणि ३, तिचा गुण शून्य. ‘कुलूप उघडलं, पण जरा आवाज झाला’ एवढ्यावर सोडलंस तर ते यशही नाही आणि किंमतही नाही. तिच्याकडे बघ आणि म्हण : ‘कुलूप निघतंय, पण तार आत अडकली आहे. ती ओढून काढायला थांबलीस तर कंदिलाचा उजेड तुझ्यावर पडेल. तशीच सोडून आत शिरलीस तर सकाळी ती तार सावकाराच्या हातात असेल, आणि ती कोणाची हे तो ओळखतो. काय करतेस?’ आणि मग गप्प बस. तिला वेळ घेऊ दे. बाकीचे सल्ले देऊ लागले तर त्यांना थांबव. ती जे निवडेल, तेच पुढच्या आठवड्याचं तुझं कथानक.

फासे मात्र ऊठसूट टाकायला लावू नकोस. जिथे हरण्यातूनही काही घडणार नाही, तिथे सरळ ‘हो, झालं’ म्हण आणि पुढे चल.

मग तयारी काय करायची, हे तू विचारशीलच. प्रत्येक माणसाला काय हवं आहे आणि कोणी आडवं आलं नाही तर तो काय करेल, एवढं लिही. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये यासाठी फार सुंदर सोय आहे. कागदावर एक वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि संकट जवळ येईल तसा एकेक भाग भरत जायचा. ‘सावकार पोलिसांना फोडतो’ असं वर्तुळावर लिही आणि ते टेबलावर उघडं ठेव. संकट लपवल्याने भीती वाढते असं तुला वाटत असेल, पण सहापैकी पाच भाग भरलेले डोळ्यांसमोर दिसले की लोक कसे धावतात ते बघच.

बोलणं मराठीतच होऊ दे. नियमांची पुस्तकं इंग्रजीत आहेत म्हणून तांडेलाने डब केलेल्या सिनेमासारखं बोलायचं काही कारण नाही. ज्याला मालवणी येते त्याने मालवणीत भांडावं.

सुरुवातीलाच सगळ्यांना विचारून घे की कोणते विषय नकोत. आत्महत्या, बलात्कार, जातीवरून अपमान. कोणाच्या घरात काय घडून गेलंय हे आपल्याला माहीत नसतं. एका कार्डावर मोठी फुली काढून मध्ये ठेव. कोणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही. यात मला कसलीही तडजोड चालणार नाही.

तुझी ती कमी बोलणारी मैत्रीण येणार आहे म्हणालास. ‘तू काय करतेस?’ असा मोकळा प्रश्न तिला टाकलास तर ती गोंधळेल. त्यापेक्षा पहिल्या दहा मिनिटांत तिला विचार : ‘या बंदरात परत पाऊल ठेवू नकोस असं तुझ्या आईने तुला बजावलं होतं, ते का?’ उत्तर तुझ्या वहीत कुठेही नसेल. ती जे सांगेल ते सगळ्यांसमोर लिहून घे, आणि सावकाराचा त्याच्याशी काय संबंध, हे तिच्या शेजारी बसलेल्याला विचार.

तुझी,
मावशी