वैनगंगेच्या दोन काठांवरचा बाजार
चंद्रपूर आणि गडचिरोली : एक तुलना



अर्थशास्त्राच्या पुस्तकांत दोन देश शेजारी ठेवून तुलना करण्याची पद्धत आहे. एक कारखान्यांचा देश, दुसरा शेती व जंगलाचा. कोणाकडे पैसा जास्त, कोठे आयुष्य चांगले, रीतिरिवाज कोणते, हे त्यात तपासतात. आपल्या भागातील माणसाला ही तुलना पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करत बस वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोलीकडे गेली की दुसरी अर्थव्यवस्था सुरू होते. या दोन्ही काठांवर आम्ही कापड विकले आहे. एका काठावर दुकान चालले, दुसऱ्या काठावर बुडाले. बुडाले ते आमच्याच हिशेबाने. तो तजुर्बा नव्याने धंद्यात येणाऱ्या आपल्या मुलांच्या कामी यावा, म्हणून हा लेख.

एका जिल्ह्याचे दोन झाले

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. त्या दिवशी तो वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहा. चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे ११,४४३ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या २२ लाख ४ हजार. गडचिरोलीचे क्षेत्र त्याहून मोठे, सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर, पण लोकसंख्या १० लाख ७३ हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे चंद्रपुरात १९० च्या वर माणसे आणि गडचिरोलीत फक्त ७४. चंद्रपुरात शंभरातील सुमारे ३५ माणसे शहरात राहतात, गडचिरोलीत ११. गडचिरोलीत आदिवासी समाज सुमारे ३९ टक्के आहे आणि जिल्ह्याचा तीन चतुर्थांशांच्या आसपास भाग वनक्षेत्र आहे.

व्यापाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ असा की चंद्रपुरात गिऱ्हाईक दुकानात येते. गडचिरोलीत दुकानाला गिऱ्हाइकाकडे, म्हणजे आठवडी बाजाराला, जावे लागते.

पैसा कोठून येतो आणि केव्हा येतो

चंद्रपूरचा पैसा जमिनीखालून येतो. कोळशाच्या खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या आहेत. ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली. त्याच कोळशावर औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. त्याचे पहिले दोन संच १९८३ व १९८४ मध्ये सुरू झाले. ते दोन्ही जुने संच आता निवृत्त झाले असून केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची सुरुवात १९४५ ची. राजुरा व कोरपना भागात चुनखडीमुळे सिमेंटचे कारखाने आले आणि भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे दर महिन्याचा पगार. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाजारात गर्दी होते आणि वीस तारखेनंतर दुकानदार माश्या मारतो.

गडचिरोलीचा पैसा जमिनीवरून आणि झाडावरून येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले. मे महिन्यात, उन्हाच्या तडाख्यात, दोन-तीन आठवडे तेंदूपत्ता. पहाटे घरातील सगळे जंगलात जातात, दुपारी पानांचे पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर मोजून देतात. त्यानंतर पावसाळा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धान निघते. ते खरेदी केंद्रावर दिले की पैसे खात्यात येण्यास आणखी काही आठवडे लागतात. म्हणजे वर्षातून दोनदा हातात रक्कम, आणि जुलै ते ऑक्टोबर हात रिकामा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चंद्रपूर जिल्हा सगळाच कारखान्यांचा नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे तालुके धानाचे आहेत आणि त्यांचे वर्ष गडचिरोलीसारखेच चालते. वरोरा, राजुऱ्याकडे कापूस आहे. म्हणून जिल्ह्याच्या नावावरून बाजार ओळखू नये, गिऱ्हाइकाच्या कमाईचा महिना विचारावा.

दोन्ही काठांचे नाते जुने आहे. गडचिरोलीच्या जंगलातील बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कारखान्यात जात होता. कागद होऊन त्याची किंमत वाढत होती, पण तोडणाऱ्याच्या हाती फक्त मजुरी पडत होती. कच्चा माल देणारा आणि पक्का माल विकणारा यांच्यातील हाच फरक श्रीमंत व गरीब देशांतही दिसतो.

आमचे दुकान का बुडाले

नव्वदच्या दशकात आम्ही भावंडांनी नदीपलीकडे दुसरे दुकान घातले. चंद्रपुरात चालणारा सगळा माल तेथे नेला : सूटिंग-शर्टिंग, टेरिकॉट, सिंथेटिक साड्या. उधारीही चंद्रपूरच्याच पद्धतीने दिली, तीन महिन्यांचे तीन हप्ते. जूनमध्ये माल उचलला गेला. जुलै गेला, ऑगस्ट गेला, एक हप्ता आला नाही. आम्हाला वाटले, लोक बुडवणार. वसुलीसाठी माणूस वही देऊन गावोगाव पाठवला. भर रोवणीच्या दिवसांत चारचौघांत नावे वाचली गेली. लोकांना ते फार लागले.

इकडे नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याचे देणे अंगावर आले. दिवाळीपूर्वी आम्ही उरलेला माल पडत्या भावाने काढला आणि दुकान बंद केले. डिसेंबर उजाडला तेव्हा एक एक गिऱ्हाईक पैसे घेऊन येऊ लागले. एक म्हातारे बाबा तर बसचे भाडे खर्चून चंद्रपूरच्या दुकानात आले. म्हणाले, "सेठ, धान विकलो. तुमचे पैसे घ्या. पण माणूस पाठवायचा नव्हता." आम्ही मान खाली घातली. आमच्या अब्बांनी त्यांना चहा पाजला, माफी मागितली आणि नंतर आम्हाला एकच प्रश्न विचारला, "यांचे वर्ष केव्हा सुरू होते, हे दुकान घालण्यापूर्वी विचारले होते का?"

आता त्याचा हिशेब पाहू. समजा सहा हजारांचा माल उधार दिला. चंद्रपुरात दर महिन्याला दोन हजार परत आले, तर पहिल्या महिन्यात ६,०००, दुसऱ्यात ४,००० आणि तिसऱ्यात २,००० रुपये अडकले. बेरीज १२,०००. गडचिरोलीत तेच सहा हजार जुलैपासून डिसेंबरपर्यंत पाच महिने पूर्ण अडकले. बेरीज ३०,०००. दोन्हीकडे गिऱ्हाईक इमानदार, दोन्हीकडे पैसा पूर्ण परत, तरी दुसऱ्या ठिकाणी अडीच पट भांडवल लागले. आमच्याजवळ ते नव्हते. दोष गिऱ्हाइकाचा नव्हता.

राहणीमान कोठे चांगले?

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. साक्षरता २०११ मध्ये चंद्रपूरची ८० टक्के आणि गडचिरोलीची ७४ टक्के होती. चंद्रपूरला दिल्ली-चेन्नई मार्गावरचे रेल्वेचे दळणवळण आहे, महानगरपालिका आहे, २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीत वर्षानुवर्षे रेल्वे म्हणजे वडसा स्थानक. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मलेरिया, लांबचे दवाखाने आणि १९८० च्या दशकापासूनचा नक्षली हिंसाचार यांनी त्या जिल्ह्याला फार मागे ठेवले. आरोग्यात जे काम झाले त्यात हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प (१९७३) आणि डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' संस्था (१९८६) यांचा मोठा वाटा आहे.

पण पैशाबरोबर धूरही येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा प्रदूषणात चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. उघड्यावर वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी कसा दिसतो, हे चंद्रपूरच्या गृहिणीला विचारावे. गडचिरोलीत हवा स्वच्छ आहे आणि जंगलातील भाजी, कंद, मासे यांचा घरखर्चाला आधार आहे. हा आधार पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

दारूचा मुद्दाही पैशाशी जोडलेला आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. चोरटी विक्री होते हे खरे, परंतु पगाराच्या दिवशी पैसा घराकडे जातो की गुत्त्याकडे, यावर मुलांचे कपडे आणि शाळा अवलंबून असतात.

संस्कृती आणि मागणी

कापडवाल्याला संस्कृती वहीतच दिसते. चंद्रपूर हे अनेक प्रांतांच्या लोकांचे शहर आहे. मराठी, तेलुगू, हिंदी बोलणारे खाणीत एकत्र काम करतात. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून भाविक येतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा दिली, म्हणून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर मोठा समुदाय जमतो आणि पांढऱ्या साडीला व पांढऱ्या सदऱ्याला मागणी येते. रमजानचा बाजार तर आपल्याला माहीतच आहे.

गडचिरोलीत आणि पूर्व चंद्रपुरात झाडीपट्टीची नाटके आहेत. वडसा हे नाटक मंडळ्यांचे माहेर. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगाव नाटक ठरते, लेकी-जावई, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. त्या आठ दिवसांत साडी, धोतर, दुपट्टा यांची विक्री इतर वेळच्या महिन्याइतकी होते. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दक्षिणेकडे एटापल्ली, भामरागडला माडिया समाजाचे सण व चाल वेगळी, तर सिरोंच्याला तेलुगू वळण. जंगलातील माणसाला मालाची पारख नसते, हा आपल्यातील काहींचा समज चुकीचा आहे. तो कापड उन्हात धरतो, चोळून रंग पाहतो, आणि एकदा फसला तर त्याचे गाव आपल्याकडे येत नाही.

आता काय बदलते आहे

२००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा व्यवहारही हाती घेतला. ज्या मालाची पूर्वी फक्त मजुरी मिळत होती, त्याची आता किंमत मिळू लागली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे गिऱ्हाइकाची ऐपत वाढणे आहे.

दुसरा बदल सुरजागडचा. तेथील लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून जोरात सुरू झाले आणि कोनसरीला कारखाना उभा राहिला. म्हणजे गडचिरोलीतही महिन्याचा पगार आला. आमचे तरुण विचारतात, आता तिकडे दुकान घालावे का? जरूर घालावे. परंतु सगळे भांडवल खाणीच्या फाटकासमोर लावू नये. चंद्रपूर जिल्ह्यात खाण संपली की भोवतीचा बाजार कसा ओस पडतो, हे आपण पाहिले आहे. खाणीचे गिऱ्हाईक बदलीने जाते, धानाचे गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या राहते.

कारागिरांसाठीही येथे काम आहे. आरमोरी भागात ढिवर समाजाची कुटुंबे ऐनाच्या झाडांवर कोसा पाळतात आणि नागभीड भागात कोसा विणण्याची जुनी परंपरा आहे. कच्चा माल एका काठावर, हातमाग दुसऱ्या काठावर. रंगारी, शिवणारे, विकणारे आपल्यात आहेत. हे दुवे जोडले तर बांबूसारखे फक्त मजुरीवर थांबावे लागणार नाही.

थोडक्यात धडा

१. दुकान घालण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या कमाईचे बारा महिने कागदावर मांडा.

२. पगारदाराला हप्ता महिन्याचा द्या, शेतकऱ्याला मुदत तेंदू किंवा धानाची द्या, आणि तसेच कबूल करून वहीत लिहा.

३. धानाच्या मुलखात निम्म्याहून अधिक भांडवल पावसाळ्यात अडकेल असे धरूनच माल भरा. ठोकवाल्याकडूनही मुदत डिसेंबरची मागा.

४. एकाच कारखान्याच्या पगारावर दुकान उभे करू नका.

५. वसुली घरी, एकट्यात, नरमाईने करा.

दोन्ही काठांपैकी श्रीमंत कोणता, याचे उत्तर आकडे देतात. व्यापार कोठे टिकेल, याचे उत्तर त्या बाबांनी दिले होते. त्यांचे ऐकून काही वर्षांनी आम्ही पुन्हा नदी ओलांडली. यावेळी दुकान घातले नाही, आठवडी बाजारात पाल टाकले आणि वसुलीची तारीख धानाची ठेवली. ते पाल आजही चालू आहे.