खनिज, खून आणि कादंबरी : लिहिता लिहिता कळलेल्या सात गोष्टी

डोंगरात मौल्यवान खनिज सापडते, शोधणारा मरतो आणि नकाशा गायब होतो. साहसी रहस्यकादंबरीचा हा साचा जुना आहे, तरी वाचक अजून त्यावर जीव टाकतो. पुण्याजवळच्या दगडखाणींत घडणारी अशीच एक कादंबरी लिहिताना आणि त्यासाठी वाचताना, हिंडताना जे हाती लागले, ते या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी इथे मांडतो.

१. खजिना खरा घ्या. जवळचा मिळाला तर उत्तम.
आफ्रिकेतली सोन्याची खाण किंवा बोर्निओचे जंगल मला नको होते. पुण्याजवळच वाघोलीच्या खाणींत खडीसाठी बेसॉल्ट फोडताना कॅव्हन्साइट नावाचे गर्द निळे खनिज मिळत आले आहे. पांढऱ्या स्टिल्बाइट खनिजावर बसलेले त्याचे निळे गुच्छ जगभरचे संग्राहक आणि संग्रहालये जपून ठेवतात. त्याची पहिली ओळख अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये पटली, पण उत्तम नमुने म्हटले की जाणकार वाघोलीचेच नाव घेतात. जिथे ट्रकांनी खडी जाते, तिथेच काचेच्या कपाटात ठेवण्याजोगा दगड निघतो. त्याच्यापुढे कल्पित खजिना मला फिका वाटला.

२. खनिजाचा स्वभाव कथानकात उतरू द्या.
कॅव्हन्साइट नाजूक असते. त्याची किंमत वजनापेक्षा अखंडपणावर ठरते. घण चुकला की नमुन्याचा भुगा. त्यामुळे माझ्या खुन्याला लुटीचा माल घेऊन मोटारसायकलवरून सुसाट पळता येईना. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याला अंड्यांची टोपली नेल्यासारखे जावे लागले. पाठलागाचे प्रकरण त्या एका अडचणीने रंगले. सोने वितळवून लपवता येते, हिरा गिळता येतो. ज्याचे जे खनिज, त्याचा तसा गुन्हा.

३. खून बहुधा दगडासाठी होत नाही, बातमीसाठी होतो.
या प्रकारच्या कथेचे मर्म मला इथे सापडले. अगाथा ख्रिस्तीच्या १९५३ च्या ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मध्ये पूर्व आफ्रिकेतली एक खाण सगळे कुचकामी समजतात. तिथे युरेनियम आहे, हे एकालाच ठाऊक असते. तो कोण, हे न वाचलेल्यांसाठी सांगत नाही.

वास्तवातले उदाहरण याहून विलक्षण आहे. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने प्रचंड सोने सापडल्याचे जाहीर केले आणि तिचे शेअर आभाळाला भिडले. १९ मार्च १९९७ रोजी तिचा भूवैज्ञानिक मायकेल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. ती आत्महत्या असल्याचे सांगण्यात आले, पण शंका मिटल्या नाहीत. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीचा अहवाल आला : नमुन्यांत बाहेरून सोने मिसळलेले होते. डोंगरात सोने नव्हतेच, होती ती फक्त बातमी.

४. धागा तांत्रिक तपशिलात लपवा.
जमिनीत छिद्र पाडून खडकाचा दंडगोल काढतात. रिवाज असा, की तो उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा पुराव्यादाखल ठेवायचा. बुसांगमध्ये जवळजवळ सगळाच दंडगोल भरडला जात होता. पुन्हा तपासायला मागे फारसे काही उरत नव्हते. रक्ताळलेल्या चाकूपेक्षा असा धागा मला जास्त आवडतो, कारण तो वाचकासमोर उघडा पडलेला असतो आणि तरी दिसत नाही.

५. हेतू ठरवण्याआधी कायदा वाचा.
‘माझ्या रानात सापडले, म्हणजे माझे’ या समजुतीवर रचलेली कथा महाराष्ट्रात टिकत नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ ने खनिजांवरचा हक्क राज्य सरकारकडे राखून ठेवला आहे. प्रमुख खनिजांचे खाणपट्टे २०१५ पासून लिलावाने दिले जातात. मग सातबाऱ्यासाठी भाऊ भावाला का मारील? नोंद होण्याआधी माल परस्पर विकण्यासाठी, किंवा पुढची खबर असल्यामुळे शेजारची जमीन स्वस्तात पदरात पाडून घेण्यासाठी. कायदा कथेची वाट अडवत नाही. खऱ्या हेतूकडे वळवतो.

शोधही एका रात्रीत पुरा होत नाही. आपल्याकडे खनिजाचा शोध जी-४ (प्राथमिक पाहणी) पासून जी-१ (तपशीलवार शोध) पर्यंतच्या टप्प्यांनी पक्का होत जातो. जम्मू-काश्मीरमधल्या रियासीत ५९ लाख टन लिथियमयुक्त खनिजाचा अंदाज फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाला, तो जी-३ टप्प्यावरचा होता. पुढे लिलावाला पुरेसे बोलीदारही मिळाले नाहीत. या टप्प्यांमधल्या रिकाम्या काळात अफवा, लाच आणि खून या तिन्हींना भरपूर जागा असते.

६. ज्याने हेतू दिला, त्याच खनिजाला साक्षीला बोलवा.
१९०४ मध्ये जर्मनीत एका खुनाच्या जागी मळका रुमाल सापडला. रसायनतज्ज्ञ गेऑर्ग पॉप यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा कोळसा, तपकीर आणि हॉर्नब्लेंड या खनिजाचे कण दिसले. संशयित कोळशावर चालणाऱ्या गॅसच्या कारखान्यात आणि वाळू-खडीच्या खाणीत काम करणारा निघाला. त्याच्या नखांतही कोळशाचे आणि हॉर्नब्लेंडचे कण होते. अखेर त्याने गुन्हा कबूल केला.

खाणीच्या डबक्यात प्रेत टाकणाऱ्या लेखकांनी डायटमची चाचणीही समजून घ्यावी. पाण्यातले हे सूक्ष्म शैवाल बुडणाऱ्या जिवंत माणसाच्या फुप्फुसांतून रक्तात आणि तिथून अस्थिमज्जेत पोचू शकते. मेल्यावर पाण्यात टाकलेल्याचे रक्त फिरतच नसते. माझ्या कादंबरीतला ‘अपघात’ या फरकावर फुटतो.

७. खाणकामगाराला केवळ प्रेत शोधून काढण्यापुरता आणू नका.
सुरुंग उडाल्यावर दगडातली निळी झाक सगळ्यात आधी दिसते ती दगड फोडणाऱ्याला. भूवैज्ञानिक, दलाल, परदेशी संग्राहक हे सगळे मागाहून येतात. पहिली बातमी त्याच्या हातात असते आणि तिचे मोल बहुतेक वेळा त्यालाच सांगितले जात नाही. कथेतला पहिला अन्याय इथे घडतो, खून त्यानंतरचा. म्हणून माझ्या कादंबरीत रहस्य उलगडते ते इन्स्पेक्टरला नाही, घण चालवणाऱ्या बाईला.

तुम्ही अशी कादंबरी लिहिणार असाल, तर खुन्याचे नाव ठरवण्याआधी एक तक्ता करा : खनिजाबद्दल कोणाला, काय आणि कोणत्या दिवशी कळले. तो चोख जमला, तर खुनी कोण हे तक्ताच सांगेल. नाही जमला, तर प्रेतांची संख्या वाढवून उपयोग नाही. तक्ता पुन्हा करा.