खिम्याचे गोळे आतून शिजले का?

माझा भाचा फिलिपाईन्समधील दावाव शहरात वैद्यकीय शिक्षण घेत होता. त्याला भेटायला गेले असता घरमालकीणबाईंनी नोकरीवरून येताच पाऊण तासात सर्वांसाठी ‘आल्मोंडिगास’ केले.

अर्धा किलो कोंबडीच्या खिम्यात बारीक चिरलेला कांदा, किसलेले गाजर, मिरपूड, मीठ, एक अंडे व पावाचा चुरा मिसळून आवळ्याएवढे गोळे वळायचे. कांदा-लसूण परतून पाणी घालावे व उकळी आली की गोळे सोडावेत. शेवटी ‘मिस्वा’, म्हणजे गव्हाच्या अगदी बारीक शेवया घालायच्या. तळण नसल्याने तेल थोडेच लागते.

गोळे वर तरंगताच मी एक चाखायला उचलला. बाईंनी माझा हात धरला व तो चिरून दाखवला. आत गुलाबी, कच्चा!

अखंड मांसात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. साल्मोनेला जंतूंमुळे जुलाब, उलट्या व ताप येतो. लहान मुले व वृद्धांच्या ते जिवावरही बेतू शकते. म्हणून गोळ्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास उत्तम. नसल्यास गोळे तरंगल्यावरही सात-आठ मिनिटे उकळावेत, मग सर्वांत मोठा चिरून पाहावा. गुलाबी दिसल्यास पुन्हा उकळावेत. कच्च्या खिम्याला लागलेले हात, सुरी व ताट साबणाने धुवावे.

आपल्या खिम्याच्या कोफ्त्यांनाही हाच नियम लागू आहे.