आकडा आणि त्यामागील अट

प्रस्तावना

एखादा पंप अधिक पाणी देतो, एखादे बियाणे अधिक उत्पन्न देते, एखादी मोटारसायकल अधिक पळते, अशी विधाने आपण नेहमी ऐकतो. सोबत आकडाही दिलेला असतो. आकडा दिसला की विधान सिद्ध झाले, असा आपला समज होतो. परंतु तो आकडा कोणत्या परिस्थितीत मिळाला, हे विचारल्यावाचून तुलना पूर्ण होत नाही. प्रस्तुत पाठात अमेरिकेतील शक्तिशाली मोटारींच्या उदाहरणावरून ही गोष्ट समजून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• वेग आणि त्वरण यांतील फरक सांगता येईल;
• दोन वस्तूंची तुलना न्याय्य आहे की नाही, हे तपासता येईल;
• जाहिरातीतील आकड्यांचा चिकित्सकपणे विचार करता येईल.

मूळ पाठ

१. स्पर्धेची पार्श्वभूमी

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने ‘मस्टँग’ ही गाडी सादर केली. बेताची किंमत आणि आकर्षक रूप यांमुळे ती लोकप्रिय झाली. तिला शह देण्यासाठी शेव्हरोलेने १९६६ मध्ये ‘कॅमॅरो’ बाजारात आणली. पुढे डॉजची ‘चॅलेंजर’ही १९७० चे मॉडेल म्हणून या चढाओढीत उतरली. आठ सिलिंडरांचे मोठे इंजिन आणि मागील चाकांना मिळणारी शक्ती ही या गाड्यांच्या बलवान प्रकारांची ओळख होती. मध्यंतरी खंड पडला, तरी ही स्पर्धा दीर्घकाळ चालली. डिसेंबर २०२३ मध्ये कॅमॅरो आणि पेट्रोलवरील चॅलेंजर यांचे उत्पादन थांबले. मस्टँगचे मात्र त्यानंतरही चालू राहिले.

२. नेमके काय मोजतात?

वेग म्हणजे गाडी किती जलद जात आहे. त्वरण म्हणजे तिचा वेग किती जलद वाढत आहे. अमेरिकेत त्वरणाची तुलना दोन प्रकारे करतात. पहिल्या प्रकारात थांबलेल्या गाडीला ताशी ६० मैल, म्हणजे ताशी सुमारे ९६.५ किलोमीटर, वेग गाठण्यास किती सेकंद लागतात ते पाहतात. दुसऱ्या प्रकारात पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, अंतर कापण्याचा वेळ मोजतात.

ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला सुमारे २६.८ मीटर. एखाद्या गाडीने हा वेग ४ सेकंदांत गाठला, तर तिचा वेग दर सेकंदाला सरासरी ६.७ मीटर प्रतिसेकंद एवढा वाढला. जिचा कमाल वेग अधिक तीच गाडी आरंभी पुढे जाईल, असे मात्र नाही.

३. आकड्यामागील अटी

पहिला प्रश्न घड्याळ कधी सुरू झाले, हा. शर्यतीच्या पट्ट्यावर पुढचे चाक प्रकाशकिरण अडवून उभे असते. गाडी सुमारे एक फूट पुढे सरकली, की किरण मोकळा होतो आणि तेव्हा वेळ मोजणे सुरू होते. या पहिल्या फुटाला ‘रोलआउट’ म्हणतात. तो वगळल्यास वेळ साधारण पाव सेकंदाने कमी दिसतो. टेस्ला कंपनीने ‘मॉडेल एस प्लेड’ या विजेवरील गाडीसाठी १.९९ सेकंद हा आकडा जाहीर केला, तो रोलआउट वजा करूनच. एका गाडीचा वेळ रोलआउटसह आणि दुसरीचा त्यावाचून घेतला, तर ती तुलना न्याय्य ठरत नाही.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. इंजिन कितीही बलवान असले, तरी ते बल टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातूनच उपयोगी पडते. घर्षण अपुरे पडले, तर चाके जागीच फिरतात. म्हणून चिकट द्रव्य लावलेल्या पट्ट्यावरचा वेळ साध्या रस्त्यावर मिळत नाही.

तिसरा प्रश्न हवा आणि इंधन यांचा. समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवरील डेन्व्हर शहरात हवा विरळ असल्याने साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती घटते. २०१८ च्या ‘चॅलेंजर डीमन’ची शक्ती नेहमीच्या उच्च प्रतीच्या पेट्रोलवर ८०८ अश्वशक्ती, तर शर्यतीच्या इंधनावर ८४० अश्वशक्ती होती. गाडी एकच, आकडे दोन.

चौथा प्रश्न मोजण्याच्या रीतीचा. पूर्वी अमेरिकी कंपन्या पंखा, सायलेन्सर इत्यादी न जोडता इंजिनाची शक्ती मोजत. १९७२ च्या मॉडेलांपासून हे भाग जोडून मोजण्याची पद्धत रूढ झाली आणि जाहीर आकडे एकदम खाली आले. धुराच्या नियमांमुळे इंजिने काही अंशी खरोखरच दुबळी झाली होती. परंतु घसरणीचा उरलेला भाग केवळ कागदावरचा होता.

४. स्पर्धेची योग्य जागा

अशा शर्यती रस्त्यावर लागल्या, तर प्राणावर बेततात. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास सुमारे चौपट अंतर लागते. या शर्यती रस्त्यांवरून सुरक्षित पट्ट्यांवर आणाव्यात, यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. डीमनने पाव मैल ९.६५ सेकंदांत कापल्याची नोंद झाली. परंतु एवढ्या वेगवान गाडीला त्या वेळच्या नियमांप्रमाणे सुरक्षा-पिंजरा आवश्यक होता. तो नसल्याने ती गाडी आहे त्या रूपात संस्थेच्या स्पर्धांसाठी अपात्र ठरली. वेगाचा पराक्रम मान्य झाला, पण चालकाच्या जिवाची अट शिथिल झाली नाही.

शब्दार्थ

शह देणे – आव्हान देणे
चिकित्सकपणे – बारकाईने तपासून
विरळ – कमी दाट
प्राणावर बेतणे – जीव धोक्यात येणे

पाठगत प्रश्न

योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) वेग वाढण्याच्या दराला ……… म्हणतात. (घर्षण / त्वरण)
(आ) उंच ठिकाणी हवा ……… असते. (विरळ / दाट)

तुम्ही काय शिकलात?

• तुलनेतील दोन्ही आकडे एकाच अटीखाली मिळालेले असावेत.
• मोजण्याची रीत बदलली, की वस्तू तीच असूनही आकडा बदलतो.
• वेगाच्या स्पर्धेला सुरक्षेचे बंधन आवश्यक असते.

स्वाध्याय

१. ‘रोलआउट’ म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. ‘गाडी एकच, आकडे दोन’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या पाहण्यातील एखाद्या जाहिरातीतील आकडा घ्या. तो पटण्यापूर्वी विक्रेत्याला कोणते तीन प्रश्न विचाराल, ते लिहा.