झाडाचे नवे घर

मुलांनो, तुमच्या अंगणात किंवा गच्चीवर मोगरा, जास्वंद, कोरफड असेलच. उर्दूत आपण ‘गमला’ म्हणतो, मराठीत ‘कुंडी’. झाड वाढते, पण कुंडी वाढत नाही. मुळे आतल्या आत गोल फिरतात आणि शेवटी तळाच्या छिद्रातून बाहेर डोकावतात. तेव्हा समजावे, झाडाला घर अपुरे पडते आहे.

हे काम नांदेड-लातूरच्या मे महिन्यात मुळीच करू नका. दुखावलेली मुळे त्या उन्हात पुरेसे पाणी ओढू शकत नाहीत. जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस होऊ द्या. कुंड्या वीस-पंचवीस असतील, तर रोज चार-पाचच घ्या.

आपली काळी माती कापसाला उत्तम. पण कुंडीत नुसती तीच भरू नका. ती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. त्या भेगांत बारीक मुळे तुटतात. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत सारखे मिसळा. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-तीन बोटेच रुंद असावी. फार मोठ्या कुंडीत ओल टिकून मुळे कुजतात.

आता पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात तांदूळ, डाळ धुतलेले पाणी मोरीत कशाला ओतायचे? तेच कुंडीत घाला. पहिले आठ दिवस कुंडी सावलीत ठेवा. जुनी पाने गळाली तरी घाबरू नका. नवा कोंब दिसला, की ती हळूहळू उन्हात न्या.