मोठ्या वास्तूंचे जंतुनाशन : न दिसणाऱ्या गुणवत्तेचे अर्थशास्त्र

देशातील पहिली भुयारी रेल्वे असा मान असलेली कोलकाता मेट्रो २३ मार्च २०२० पासून कोविड-१९ च्या साथीमुळे बंद होती. १३ सप्टेंबर २०२० रोजी ‘नीट’च्या परीक्षार्थींसाठी विशेष गाड्या सोडण्यात आल्या आणि १४ सप्टेंबरपासून ती सर्वसामान्य प्रवाशांसाठी पुन्हा सुरू झाली. हजारो लोक ज्या दांड्या, कठडे आणि आसने हाताळतात, ती सुरक्षित कशी ठेवायची, हा प्रश्न मेट्रोप्रमाणेच रुग्णालये, न्यायालये, कार्यालये आणि परीक्षा केंद्रे यांच्यापुढेही होता. त्यातील आर्थिक आशयाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना आणि कार्यपद्धती

स्वच्छता म्हणजे मळ काढणे, जंतुनाशन म्हणजे पृष्ठभागावरील बहुतांश रोगकारक जंतू नष्ट करणे आणि निर्जंतुकीकरण म्हणजे सर्व सूक्ष्मजीवांचा संपूर्ण नाश. शस्त्रक्रियेच्या उपकरणांना निर्जंतुकीकरण आवश्यक असते. मोठ्या वास्तूंसाठी स्वच्छता व जंतुनाशन पुरेसे ठरते. व्यवहारात मात्र तिन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये सार्वजनिक जागांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. वारंवार हाताळल्या जाणाऱ्या पृष्ठभागांसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, धातूंसाठी ७० टक्के अल्कोहोल आणि कमी अस्वच्छ भागाकडून अधिक अस्वच्छ भागाकडे जाण्याचा क्रम त्यांत सांगितला होता. बाजारातील ५ टक्क्यांच्या १ लिटर द्रावणात ४ लिटर पाणी मिसळले, की १ टक्क्याचे ५ लिटर द्रावण तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये रुग्णालयाबाहेरील पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का द्रावण सुचविले. त्या प्रमाणात त्याच १ लिटरपासून ५० लिटर द्रावण मिळते, म्हणजेच रसायनाचा खर्च एक-दशांशावर येतो.

द्रावण किती तीव्र आहे, एवढ्यावर परिणाम अवलंबून नसतो. मळावर फवारलेले क्लोरीन त्या मळातच खर्ची पडते, म्हणून आधी साबण-पाण्याने धुणे अपरिहार्य असते. त्यानंतर पृष्ठभाग ठरावीक काळ ओला राहावा लागतो. उष्णता व प्रकाश यांमुळे साठविलेले द्रावण क्षीण होते. कोलकात्यासारख्या उष्ण शहरात ते रोज ताजे बनविणेच हिताचे असते.

बाजारपेठेचे अपयश

यातील एकही गोष्ट ग्राहकाला दिसत नाही. द्रावण १ टक्क्याचे होते की नुसते पाणी, हे काम संपल्यावर ओळखता येत नाही. यालाच माहितीची असममितता म्हणतात. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखविले, की गुणवत्ता ओळखता येत नसेल तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजाराबाहेर ढकलतो. याच विषयावरील कार्यासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. न्यूनतम दराच्या निविदेत प्रामाणिक कंत्राटदार मागे पडतो तो याच कारणाने.

अशा वेळी डोळ्यांना दिसणारी गोष्ट गुणवत्तेची जागा घेते. साथीच्या काळात रस्त्यांवर फवारणी झाली, प्रवेशद्वारांवर फवारणीचे बोगदे उभे राहिले. माणसांवर रसायने फवारू नयेत, असे आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच स्पष्ट केले होते. तरीही हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ५ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाने केंद्र शासनाला याबाबत निर्देश काढण्याचा विचार करण्यास सांगितले.

संधिव्ययाचा विचार

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये नमूद केले, की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून कोविड-१९ चा संसर्ग होण्याची शक्यता साधारणतः १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी असते. त्यामुळे फवारणीवर खर्च झालेला प्रत्येक अतिरिक्त रुपया वायुवीजन आणि मुखपट्ट्यांवर अधिक फलदायी ठरला असता. हा निष्कर्ष सर्व विषाणूंना मात्र लागू होत नाही. उलट्या-जुलाब घडविणारा नोरोव्हायरस पृष्ठभागांवरूनही सहज पसरतो. साथ कोणती, यावर खर्चाचा प्राधान्यक्रम ठरला पाहिजे. कोलकाता मेट्रोने सेवा पुन्हा सुरू करताना टोकन बंद ठेवून केवळ स्मार्ट कार्डावर प्रवास सुरू केला. हातोहात फिरणारी वस्तूच काढून टाकणे हे ती पुनःपुन्हा पुसण्यापेक्षा स्वस्त असते.

धोरणाची दिशा

कंत्राटाचे मूल्य केवळ क्षेत्रफळावर किंवा फवारणीच्या फेऱ्यांवर ठरवू नये. द्रावणाची तीव्रता क्लोरीन-मापक पट्टीने तपासता येते. पृष्ठभाग पुसला गेला की नाही, हे अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या अदृश्य खुणेवरून कळते. काही रुग्णालयांत ही पद्धत रूढ आहे. देयक अशा तपासणीशी जोडले, तर असममितता कमी होते.

दुसरी बाब सफाई कामगारांची. हायपोक्लोराइट आम्लयुक्त स्वच्छता द्रव्यात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. हातमोजे, बूट, मुखपट्टी आणि प्रशिक्षण यांचा खर्च निविदेत स्वतंत्र व अनिवार्य असावा. अन्यथा दरातील स्पर्धेत पहिली कात्री त्यालाच लागते आणि बचतीची किंमत कामगाराची फुप्फुसे मोजतात.

सार्वजनिक आरोग्याचा लाभ खर्च न करणाऱ्यालाही मिळतो. या बाह्य लाभामुळे खाजगी खर्च अपुरा पडतो आणि शासनाचा सहभाग समर्थनीय ठरतो. तथापि, तो खर्च न दिसणाऱ्या गुणवत्तेवर व्हावा, दिसणाऱ्या धुरावर नव्हे, हे पाहणे ही शासनाचीच जबाबदारी आहे.